सर्किटच्या आकृतीत न दाखवलेला रेझिस्टर

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधून विचारणा आली आहे. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना माती तपासून द्यायची म्हणून ते पीएच मीटर बनवतायत. एप्रिल-मेमध्ये बोर्ड अगदी सुतासारखा सरळ चालला. पाऊस सुरू झाला आणि आकडे हलायला लागले. सकाळी ४.०१ च्या बफरवर (पीएच आधीच माहीत असलेलं द्रावण) कॅलिब्रेट केलेला मीटर दुपारी सर येऊन गेली की त्याच बफरमध्ये ४.१८ दाखवतो, ऊन पडलं की हळूहळू परत खाली येतो. इलेक्ट्रोडचा सिग्नल घेणारा ऑप-अँप आधी टीएल०७१ होता, तो काढून एलएमसी६००१ टाकला, थोडा फरक पडला. मग त्याहून महागाचा टाकला, काडीचाही फरक नाही. आता प्रश्न असा: एफआर-४, म्हणजे बोर्डाचं नेहमीचं मटेरियल, ओल धरतो म्हणून हे होत असेल, तर अख्खा बोर्ड रॉजर्स कंपनीच्या महागड्या मटेरियलवर करून घ्यावा का? कोटेशन पाहून मालकांचे डोळे पांढरे झालेत म्हणे.

नका करू. निदान आत्ता तरी नका. आधी कागद-पेन घ्या.

तुमच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा रेझिस्टन्स २०० मेगाओहम धरू. चांगल्या इलेक्ट्रोडचाही दहा ते हजार मेगाओहमच्या दरम्यान असतो, त्यामुळे हा आकडा काही वावगा नाही. २५ अंशांना एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट मिळतात. एलएमसी६००१ चा इनपुट करंट जास्तीत जास्त २५ फेम्टोअँपिअर (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा भाग). इथे मी दुप्पट, म्हणजे ५० धरतो. ५० फेम्टो गुणिले २०० मेगा म्हणजे १० मायक्रोव्होल्ट. पीएचमध्ये हा फरक दिसणारसुद्धा नाही.

आता बोर्डाकडे बघा. तुमचं सर्किट ±५ व्होल्टवर चालतं. ऑप-अँपचा पाय ३ म्हणजे इनपुट आणि त्याला खेटून पाय ४, ज्यावर उणे ५ व्होल्ट. डीआयपी पॅकेजमध्ये या दोन पायांच्या मध्यांत अंतर किती? २.५४ मिलिमीटर. या दोन पॅडच्या मध्ये पावसाळ्यात १०० गिगाओहमचा रस्ता तयार झाला असं समजा. ऐकायला केवढा मोठा रेझिस्टन्स, तुमचा मल्टिमीटर तर त्याला ‘ओपन’च म्हणेल. पण ५ व्होल्ट भागिले १०० गिगा म्हणजे ५० पिकोअँपिअर. हा करंट इलेक्ट्रोडच्या २०० मेगाओहममधून वाहिला की १० मिलिव्होल्ट. आणि १० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१७ पीएच. ४.०१ चे ४.१८.

म्हणजे बोर्डातून येणारा करंट ऑप-अँपच्या करंटच्या हजारपट आहे. टीएल०७१ काढलात ते बरोबरच केलं. त्याचा करंट २५ अंशांना साधारण ६५ पिको, आणि दर १० अंशांना दुप्पट होतो. आपल्या मे महिन्यात डबीत ५५ अंश झाले की आठपट. पण त्यानंतरचा महाग ऑप-अँप म्हणजे चुकीच्या नळाला नवा वॉशर. गळत होता दुसराच नळ.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि सगळं निदान तिच्यावर अडलंय: ७.०० च्या बफरमध्ये मीटर काय दाखवतो?

असं का विचारतो ते सांगतो. गळती दोन तऱ्हांची असते. सप्लायकडे गळत असेल तर ४, ७, १० तिन्ही बफर एकाच बाजूला, जवळपास सारखेच सरकतात, कारण पाच व्होल्टसमोर इलेक्ट्रोडचे शे-दोनशे मिलिव्होल्ट किस झाड की पत्ती. पण गळती ग्राउंडकडे, म्हणजे रेफरन्स इलेक्ट्रोडच्या बाजूला असेल तर ती इलेक्ट्रोडचा व्होल्टेज नुसता विभागते. ७ ला इलेक्ट्रोड शून्याच्या आसपास असतो, तिथे विभागायला काही नसतंच. त्यामुळे ७ जागेवर राहतो आणि ४ व १० दोघंही ७ कडे ओढले जातात. ३.३ गिगाओहमच्या अशा गळतीनेही ४.०१ चे बरोबर ४.१८ होतात. आकडा तोच, रोग वेगळा. आणि दुसऱ्या प्रकारात बोर्डाचा दोष असेलच असं नाही. बऱ्याचदा तो बीएनसी कनेक्टरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडची केबल जिथे जोडतो तिथे, असतो.

बीएनसीबद्दल इथेच बोलून घेतो, कारण बोर्ड सोलत बसलेल्या माणसाला हे शेवटी सुचतं. स्वस्त बीएनसीत मधल्या पिनभोवती पांढरं दिसतं ते टेफ्लॉनच असेल याची खात्री नाही, नायलॉनही असू शकतं, आणि नायलॉन पाणी शोषतं. त्यात इलेक्ट्रोडमध्ये भरायचं द्रावण पोटॅशियम क्लोराइडचं. भरताना बोटाला लागतं, त्याच बोटाने आपण कनेक्टर फिरवतो. वाळलं की बारीक पांढरी भुकटी, आणि हवा दमट झाली की तीच भुकटी ओली तार. आधी कनेक्टर धुवा, मग माझं पुढचं वाचा.

आता मटेरियलचं. एफआर-४ म्हणजे काचेचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी. काच बिचारी चांगली, पण इपॉक्सी पाणी घेते, आणि काचेचे धागे व इपॉक्सी यांच्या सांध्यातून ओल आत शिरते. इन्सुलेशनच्या तक्त्यांत ग्लास-इपॉक्सीपुढे काय लिहिलेलं असतं माहीत आहे? १०^१० ते १०^१७ ओहम-सेंटिमीटर. टेफ्लॉनपुढे १०^१७ ते १०^१८. टेफ्लॉनचा पल्ला दहापट, ग्लास-इपॉक्सीचा एक कोटीपट. या तक्त्यात मला महत्त्वाची वाटते ती ही रुंदी. चांगला, कोरडा, स्वच्छ एफआर-४ टेफ्लॉनच्या खांद्याला खांदा लावतो, आणि तोच घाणेरडा, ओला झाला की जुन्या रेडिओतल्या तपकिरी फिनॉलिक बोर्डाच्या पंक्तीला जाऊन बसतो. एवढा फरक मटेरियल नाही पाडत. तो पाडते पृष्ठभागावरची घाण आणि हवेतलं पाणी, दोघं मिळून. शुद्ध पाण्याचा पातळ थर फारसा करंट नेत नाही, कोरडा फ्लक्सही (सोल्डर करताना लावतात तो) नेत नाही. पण फ्लक्समधलं आम्ल, घामातलं मीठ आणि ओलावा एकत्र आले की आयन मोकळे होतात आणि रस्ता तयार.

आणि हे रॉजर्सच्या बोर्डालाही तसंच लागू आहे. त्याच्यावर तुमचं बोट लागलं की मीठ लागणारच.

आपल्या नागपूरचा यात मोठा वाटा आहे. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, ऑगस्टमध्ये सकाळी ८० च्या वर. ज्या बोर्डाने मेमध्ये परीक्षा दिली, त्याने खरं तर परीक्षा दिलेलीच नाही. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका वर्षी चाळीस बोर्ड मे महिन्यात तपासून पाठवले, एकही नापास नाही. जुलैत एकेक करून परत यायला लागले. पाहिलं तर सोल्डरिंगनंतर फ्लक्स काढायला पोरांना थिनर मीच सांगितला होता, वाचवायला. थिनरने बोर्ड चमकत होते, पण आयसीच्या पोटाखाली अर्धवट विरघळलेला फ्लक्स चिकटसर होऊन बसला होता. सुईने खरवडला तर गुळाच्या पाकासारखा ताणला गेला.

दुसरा किस्सा मेमधलाच आहे. बेंचवर एक पिकोअँपिअरचं सर्किट होतं आणि रोज सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा आकडा चढायचा. दोन दिवस सप्लाय बदल, केबल बदल, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दोष दे, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की अकराला कूलर लागतो. कूलरचं तोंड बेंचकडेच, वाळ्याच्या ताट्या नव्या, टाकीत बोअरचं पाणी. नुसती आर्द्रता वाढत नव्हती, तर अगदी बारीक तुषार बोर्डावर येत होते आणि वाळल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके राहत होते. भिंगातून पाहिलं तेव्हा इनपुटच्या ट्रॅकवरच चार-पाच ठिपके रांगेत दिसले, जणू कोणी रांगोळी घातलीय. तेव्हापासून बेंचच्या खोलीत कूलर नाही. मेमध्ये घाम गाळतो, पण घाम बोर्डावर पडू देत नाही.

तर तुम्ही करायचं काय?

धुणं. पण नीट धुणं. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) टूथब्रश बुडवून दोनदा घासलं की झालं, असा सगळ्यांचा समज आहे. त्याने होतं काय, फ्लक्स विरघळतो, पसरतो, अल्कोहोल उडून जातं, आणि जो डाग एका पॅडजवळ होता त्याचा पातळ लेप सगळ्या बोर्डावर बसतो. बोर्ड तिरपा धरा, आयपीए भरपूर ओता, घासा, आणि ओला असतानाच वरून ताजं आयपीए सोडून घाण खाली वाहून जाऊ द्या. मग डीआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुवा, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, ते पाण्यानेच निघतं. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळतं त्यावर विसंबू नका, एखाद्या रसायनाच्या प्रयोगशाळेतून मागून आणा. मग ब्लोअरने पाणी आयसीखालून उडवा आणि ७०-८० अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा. एफआर-४ मध्ये शिरलेली ओल बाहेर यायला तास लागतात, हेअर ड्रायरच्या पाच मिनिटांत ती येत नाही. त्यानंतर बोर्ड फक्त कडांना धरायचा.

‘नो-क्लीन’ फ्लक्स वापरत असाल तर नावावर जाऊ नका. रिले नि एलईडीच्या बोर्डासाठी ते खरं आहे. गिगाओहमच्या बोर्डासाठी नाही, आणि अर्धवट धुतलेला नो-क्लीन हा न धुतलेल्यापेक्षा वाईट. सीताबर्डीवर पेस्टची जी गोल डबी मिळते, ती तर या बेंचच्या आसपासही नको. ती ज्या दिवशी एखाद्या पोराने बोटाने लावलेली पाहिली, त्या दिवशी मी बोर्ड बाजूला नव्हे, केराच्या टोपलीत टाकला.

धुतल्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा संरक्षक लेप) लावू का, असं तुम्ही विचारालच. लावा, पण धुऊन, वाळवून, मग. नाहीतर ते घाणीवर मारलेलं वॉर्निश. आणि कोटिंग ओल थांबवत नाही, उशिरा आत येऊ देते एवढंच.

आता गार्ड रिंग, कारण खरी करामत इथे आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. इनपुटच्या पॅडभोवती तांब्याचं एक कडं काढा आणि ते तुमच्या बफरच्या, म्हणजे इनपुटचाच व्होल्टेज पुढे देणाऱ्या ऑप-अँपच्या, आउटपुटला जोडा. बफरचा आउटपुट नेहमी इनपुटएवढाच असतो, फरक फक्त ऑफसेटचा, म्हणजे शंभरेक मायक्रोव्होल्ट धरा. त्यामुळे इनपुटपासून कड्यापर्यंत तोच १०० गिगाओहमचा घाणेरडा रस्ता असला तरी त्यावर दाब ५ व्होल्टऐवजी १०० मायक्रोव्होल्ट. करंट एक फेम्टोअँपिअर. उणे ५ व्होल्टकडून येणारी गळती कड्यापाशी थांबते, आणि तिथे तिला ऑप-अँपचा आउटपुट निस्तरतो. त्याला काय, त्याच्यात मिलिअँपिअरची ताकद आहे.

कडं काढताना तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, कड्यावर सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत लेप) ठेवतात. मास्क काढा, तांबं उघडं हवं, कारण गळती मास्कच्या वरून चालत जाते आणि खाली झाकलेलं कडं तिला अडवू शकत नाही. दोन, कडं फक्त वरच्या बाजूला काढतात. इनपुटला एकही व्हाया (ट्रॅक दुसऱ्या बाजूला नेणारं छिद्र) असेल तर खालच्या बाजूलाही हवं, आणि इनपुटच्या खालच्या लेयरलाही गार्डचा तुकडा हवा. तीन, पाय ३ आणि ४ च्या मधून कडं जायला हवं तिथेच नेमकं सोडून देतात, जागा नाही म्हणून. ०.२ मिलिमीटरचा ट्रॅक कष्टाने का होईना, तिथून जातो. याच कटकटीमुळे एडीए४५३०-१ सारख्या आयसीत इनपुट १ आणि ८ वर ठेवलेत आणि त्यांच्या शेजारी २ व ७ वर गार्डचा आउटपुट आयसीच देतो. पुढच्या बोर्डाला तो बघा.

या बोर्डाला मात्र दहा मिनिटांचा उपाय आहे. पाय ३ डिसोल्डर करून हलकेच वर उचला, हवेत. टेफ्लॉनचा एक छोटा खुंटा बोर्डात बसवा आणि बीएनसीची मधली तार, इनपुटचा रेझिस्टर आणि तो पाय, सगळे त्या खुंट्यावर हवेतच जोडा. इनपुटने बोर्डाला शिवायचंच नाही. हवेएवढं चांगलं आणि फुकटचं इन्सुलेशन दुसरं नाही. दिसायला ओबडधोबड दिसतं, मालक नाक मुरडतील, पण पावसाळा निघतो.

मग रॉजर्स, टेफ्लॉन वगैरे कधी? वेळ येते, नाही असं नाही. फेम्टोअँपिअरमध्ये मोजायचं असेल तर गळती बंद झाल्यावरही एफआर-४ दुसरा त्रास देतो. त्याला व्होल्टेजची आठवण राहते. इनपुटजवळचा व्होल्टेज बदलला की आतले रेणू सावकाश वळत राहतात आणि तेवढा वेळ बारीकसा करंट वाहत राहतो. आकडा स्थिर होता होत नाही, कुत्र्याच्या शेपटासारखा. सिरॅमिक भरलेले रॉजर्सचे बोर्ड याबाबतीत फार लवकर निवांत होतात. गिगाहर्ट्झमध्ये काम असेल तरी तेच: रॉजर्सच्या आरओ४३५०बी चा लॉस टँजंट (मटेरियलमध्ये वाया जाणाऱ्या सिग्नलचं माप) १० गिगाहर्ट्झला ०.००३७, साध्या एफआर-४ चा ०.०२ च्या आसपास. पण तुमचा पीएच मीटर सेकंदाला एक रीडिंग घेतो. तुम्हाला यातलं काहीच लागत नाही.

तुमच्या कामाचं दुसरंच काही आहे, आणि ते तांब्यात आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॅटरीचा करंट मोजायला तुम्ही पीसीबीचा नागमोडी ट्रॅकच शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) म्हणून वापरलेला दिसतोय. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे ०.३९ टक्के वाढतो. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे १० अंश, मेच्या दुपारी ४५. पस्तीस अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ १४ टक्के. बॅटरी किती उरली हे दाखवणारा आकडा हिवाळ्यात एक बोलेल, उन्हाळ्यात दुसरं. मँगॅनिनचा, म्हणजे तापमानाने रेझिस्टन्स फारसा न बदलणाऱ्या मिश्रधातूचा, शंट घाला, काही रुपयांचं काम आहे.

व्होल्टेज रेफरन्सकडेही, म्हणजे मोजणीला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या आयसीकडेही, एकदा बघा. एफआर-४ ओल घेऊन किंचित फुगतो, आणि त्याच्यावर सगळे पाय घट्ट रोवून बसलेल्या प्लास्टिकच्या आयसीला तो ताण जाणवतो. त्याने व्होल्टेजचं सरकणं पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग) असतं आणि दिवसचे दिवस चालतं. १२ बिटच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या आयसीला) दिसणार नाही. २४ बिटचा एडीसी लावून सहावा आकडा दाखवायची हौस असेल तर दिसेल. तेव्हा रेफरन्सच्या तीन बाजूंनी बोर्डात खाच पाडतात, म्हणजे ताण तिथपर्यंत पोचत नाही.

हे सगळं करण्याआधी एक चाचणी करा, या शनिवारीच. इलेक्ट्रोड काढा. इनपुट आणि ग्राउंडच्या मध्ये १०० पिकोफॅरडचा पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावा, सिरॅमिक नको. सोनपापडीचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, ग्राउंडला जोडा आणि बोर्ड त्यात ठेवून झाकण लावा, नाहीतर तुमच्या हाताच्या हालचालीनेच आकडा नाचेल. कपॅसिटर क्षणभर शॉर्ट करून सोडा आणि आउटपुटवर मल्टिमीटर लावून घड्याळ बघा. ५० पिकोअँपिअर गळत असतील तर पहिल्याच सेकंदात अर्धा व्होल्ट सरकेल. ५० फेम्टो असतील तर मिनिटभरात ३० मिलिव्होल्ट. मग झाकण किंचित उघडून आत तोंडाने एक गरम, ओला ‘हा’ सोडा, झाकण लावा आणि परत मोजा. बीएनसी जोडून एकदा, आणि त्याची तार काढून एकदा.

दोन्ही वेळचे आकडे आणि ७.०० च्या बफरचं रीडिंग कळवा. ‘हा’ सोडल्यावरही मिनिटाला ३० मिलिव्होल्टच्या आत राहिला, तर सप्लायकडून गळती नाही, आणि आपण ग्राउंडकडची गळती व इलेक्ट्रोड यांच्याकडे वळू. अर्ध्या व्होल्टच्या उड्या मारायला लागला, तर कोटेशन परत करा आणि पोराला आयपीएचा कॅन आणायला पाठवा.